विश्लेषण : इंजिनाचा अडलेला बोल्ट आणि जोसेफ व्हिटवर्थ

जुन्या गाडीत घरीच नवा भाग बसवायला घ्यावा आणि एका बोल्टपाशी सगळे काम थांबावे, हा अनुभव गाडीवेड्यांना नवा नाही. पाना नीट बसत नाही, जोर लावला की बोल्टचे डोके गोल होते. या भानगडीच्या मुळाशी मापांचा जो गोंधळ आहे, तो पहिल्यांदा मिटवला एका इंग्रज कारागिराने. १८८७ मध्ये वारलेल्या या माणसाचे आटे आजही आपल्या घरातल्या नळात आहेत. त्यांच्याविषयी...

बोल्ट नेमका कुठे अडतो?

छत्रपती संभाजीनगरात जुन्या जीप जपणारे हौशी लोक कमी नाहीत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींचे हे शहर. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गाड्यांचे सुटे भाग बनवणे हा इथल्या हजारो घरांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. साहजिकच सुटीच्या दिवशी बंगल्यासमोर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलेला एखादा तरी दिसतोच. अशा जीपला हमखास करायची सुधारणा म्हणजे जुना डायनॅमो काढून तिथे अल्टरनेटर बसवणे. दिवे नीट लागतात, बॅटरी उतरत नाही. काम अर्ध्या दिवसाचे. पण डायनॅमोचा ब्रॅकेट इंजिनाच्या ब्लॉकला ज्या बोल्टने धरलेला असतो, तो चाळीस वर्षांत कुणी हलवलेला नसतो.

बोल्ट अडण्याची कारणे साधी आहेत. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा भाग त्याला ताणून पकड निर्माण करतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो. त्यात गंज चढला की प्रकरण बिघडते. गंज ज्या लोखंडापासून बनतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत ही जागा नसतेच, त्यामुळे बोल्ट आतून पाचरीसारखा घट्ट होतो.

पण आणखी एक कारण असते आणि ते गंजापेक्षा वाईट. आधीच्या कुणीतरी तिथे चुकीचा बोल्ट ठोकून बसवलेला असतो.

चुकीचा बोल्ट आत जातोच कसा?

जातो, कारण डोळ्यांना फरक दिसत नाही. आपल्याकडच्या जुन्या जीप मूळच्या अमेरिकी विलीजच्या घडणीच्या, म्हणजे इंची मापाच्या. पुढे महिंद्रने त्यात प्यूजोच्या रचनेची डिझेल इंजिने बसवली, ती मिलिमीटरची. मधल्या काळात मालक बदलले, इंजिने बदलली, भंगारातून भाग आले. त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही मापे सुखाने नांदत असतात.

आता ५/१६ इंचाचा बोल्ट घ्या. त्याची जाडी भरते ७.९४ मिलिमीटर. शेजारी ८ मिलिमीटरचा बोल्ट ठेवला तर अनुभवी माणूसही चकतो. पण अमेरिकी जाड आट्यात एका इंचात १८ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.४१ मिलिमीटर, ८ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये हेच अंतर १.२५ मिलिमीटर. असा बोल्ट इंची भोकात एक-दोन फेरे हाताने जातो आणि अडतो. घाईतला माणूस पान्याला पाइप लावतो आणि फिरवतो. आटे एकमेकांना चिरडत आत जातात. त्या क्षणी काम झाल्यासारखे वाटते. त्याची किंमत वीस वर्षांनी दुसरा कुणीतरी मोजतो.

पान्याचेही तसेच. या इंची बोल्टच्या डोक्याला अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो आणि त्याच्या मेट्रिक भावाला १३ चा. इंची डोक्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटरचा खुळखुळा राहतो आणि डोक्याचे कोपरे मरतात. आजोबांच्या पेटीत यांच्या जोडीला तिसराही पाना सापडतो. त्यावर नुसते १/४ कोरलेले असते आणि तोंड असते सुमारे १३.३ मिलिमीटरचे. तोंडाचे माप पाव इंच नाही, मग १/४ कशाचे? तर बोल्टच्या जाडीचे. हा व्हिटवर्थ पाना. नाव ज्यांच्यावरून पडले ते जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थ कोण होते?

जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील चार्ल्स शाळामास्तर. जोसेफ दहा वर्षांचे असताना आई गेली आणि घर विस्कटले. वडील पुढे धर्मोपदेशक झाले. मुलाला लीड्सजवळच्या एका शाळेत ठेवले गेले आणि चौदाव्या वर्षी डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत कामाला लावले. गिरणी चालवायला शिकावे, पुढे भागीदार व्हावे, असा घरच्यांचा बेत होता.

मुलाचे लक्ष सुतात नव्हते, सूत काढणाऱ्या यंत्रांत होते. गिरणीतले प्रत्येक यंत्र त्यांनी समजून घेतले आणि ही यंत्रे किती ओबडधोबड बनली आहेत, हेही पाहिले. चारेक वर्षांनी मामाला न सांगता त्यांनी गिरणी सोडली आणि मँचेस्टर गाठून साध्या कारागिराची नोकरी धरली. भागीदारीचे ताट लाथाडून हातोडा धरणाऱ्या या पोराला घरच्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना मराठी वाचकाला करता येईल.

१८२५ मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी फ्रान्सिस नावाड्याची मुलगी. त्याच वर्षी दोघे लंडनला गेले. तिथे हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात व्हिटवर्थ यांना काम मिळाले. मॉड्स्ले म्हणजे अचूक स्क्रू कापणाऱ्या लेथचे महागुरू. त्या काळचे अर्धे नामांकित यंत्रकार त्यांच्या हाताखालून गेलेले. पुढे व्हिटवर्थ यांनी जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणिती यंत्राचे भाग बनवणारे ते हेच क्लेमंट.

तीन पत्र्यांची युक्ती काय होती?

लंडनच्या त्या वर्षांतच व्हिटवर्थ यांनी एका मूलभूत प्रश्नाला हात घातला. खरोखर सपाट पृष्ठभाग बनवायचा कसा? लोखंडाचे दोन सपाट तुकडे एकमेकांवर घासले तर ते एकमेकांशी जुळतात, पण सपाट होतीलच असे नाही. एक वाटीसारखा खोल आणि दुसरा तसाच फुगीर झाला, तरी दोघे छान जुळतात. म्हणून तीन तुकडे घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी आळीपाळीने ताडायचा. तिन्ही एकमेकांशी जुळण्याचा एकच मार्ग उरतो : तिन्ही सपाट असणे.

ही कल्पना मॉड्स्ले यांच्या कारखान्यात आधीपासून होती, असे मानले जाते. व्हिटवर्थ यांची भर वेगळी. तेव्हा तुकडे एमरीची पूड घालून घासत. पूड कुठे जास्त, कुठे कमी साचते आणि चूक वाढते. व्हिटवर्थ यांनी घासणे सोडले. रंग लावायचा, तुकडे टेकवायचे, जिथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा पोलादी हत्याराने खरवडायचा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी शिकलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. निळा रंग आणि स्क्रेपर घेऊन सरफेस प्लेट पारखण्याची पद्धत याच घराण्यातली.

१८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले आणि स्वतःचे दुकान थाटले. पाटीवर त्यांनी आपण लंडनहून आलेले हत्यारे बनवणारे आहोत, हे आवर्जून लिहिले. लेथ, रंधायंत्रे, भोके पाडणारी यंत्रे ते बनवू लागले आणि काही वर्षांतच या कामात ब्रिटनमध्ये त्यांच्या तोडीचे कुणी उरले नाही.

आट्यांचा गोंधळ त्यांनी कसा मिटवला?

तेव्हाची स्थिती अशी होती की प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणी इंचाला दहा पाडे, कुणी अकरा, कुणाचा कोन टोकदार, कुणाचा बोथट. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. कित्येकदा त्याच कारखान्यातलाही बसत नसे. यंत्र उघडले की कोणता नट कोणत्या बोल्टचा, हे खूण करून ठेवावे लागे. दूरच्या गावी यंत्र बंद पडले तर एका बोल्टसाठी मूळ कारखान्याकडे माणूस पाठवायचा किंवा तिथेच लोहाराकडून नवा घडवून घ्यायचा. रेल्वे पसरू लागली तेव्हा हा त्रास असह्य झाला.

व्हिटवर्थ यांनी काय केले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. सर्वांत उत्तम आटे कोणते, याचा शोध ते घेत बसले नाहीत. आपल्याच कारखान्याचे आटे सर्वांनी वापरावेत, असाही हट्ट धरला नाही. त्यांनी देशभरातल्या नामांकित कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ठरला ५५ अंश. जाडीनुसार आट्यांची संख्या ठरली : पाव इंची बोल्टला इंचात २०, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. माथा आणि तळ गोलसर. १८४१ मध्ये हे कोष्टक त्यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे मांडले.

सरासरीचा फायदा हा की कुणालाच फार बदलावे लागत नव्हते आणि कुणाचाच पराभवही होत नव्हता. रेल्वे कारखान्यांनी हे आटे उचलले, मग इतरांनी. वीसेक वर्षांत ब्रिटनभर तेच चालू लागले.

त्याची कसोटी क्रिमियन युद्धात लागली. ब्रिटिश आरमाराला छोट्या तोफनौका हव्या होत्या आणि त्याही तातडीने. इंजिनांचे काम जॉन पेन यांच्याकडे आले. ९० इंजिने एका कारखान्यात वेळेत होणे अशक्यच. पेन यांनी नमुन्याचे इंजिन सुटे केले आणि एकेक भाग वेगवेगळ्या कारखान्यांना बनवायला दिला. सर्वत्र आटे एकच असल्याने आलेले भाग एकमेकांत बसले आणि ९० दिवसांत ९० इंजिने तयार झाली. आज वाळूजमधला एखादा लघुउद्योग मोठ्या कंपनीसाठी एकच भाग बनवतो आणि तो दुसऱ्या राज्यातल्या गाडीत बिनबोभाट बसतो, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही.

इंचाचा दहा लाखावा भाग मोजता येतो का?

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिटवर्थ यांनी मांडलेल्या यंत्रांत सर्वाधिक चर्चा झाली ती मोजमापाच्या यंत्राची. त्याचा जीव म्हणजे पुन्हा एक स्क्रूच. इंचाला २० आट्यांचा स्क्रू, त्यावर २०० दात्यांचे चाक आणि ते फिरवणाऱ्या दुसऱ्या चाकावर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५० म्हणजे दहा लाख. शेवटचे चाक एक खूण हलले की टोक इंचाचा दहा लाखावा भाग सरकते.

पट्टीवर डोळ्यांनी माप वाचण्यापेक्षा दोन टोकांमध्ये वस्तू धरून स्पर्शाने ताडणे अधिक खात्रीचे, हा त्यांचा आग्रह होता. इंचाचे हजार भाग करून बोलावे, हेही त्यांनीच रुजवले. आपल्याकडचा जुना टर्नर आजही दोन थाऊ काढ, असे शिकाऊ पोराला सांगतो, तेव्हा तो व्हिटवर्थ यांचीच भाषा बोलत असतो.

मग बंदुकांच्या बाबतीत काय घडले?

इथे हाच माणूस वेगळा दिसतो. १८५४ मध्ये सरकारने त्यांना एनफिल्ड बंदुकीच्या उत्पादनासाठी यंत्रे बनवायला सांगितली. व्हिटवर्थ यांनी आधी बंदूक कशी असावी, याचेच प्रयोग करू द्या, अशी अट घातली. मँचेस्टरच्या आपल्या घराच्या आवारात ५०० यार्डांची बंदिस्त नेमबाजी गल्ली उभारून घेतली. ती वादळात पडली, पुन्हा बांधली. अखेर त्यांनी नळीला षटकोनी आतला आकार दिला आणि गोळीही त्याच आकाराची केली. १८५७ च्या चाचण्यांत या बंदुकीने एनफिल्डला लांब पल्ल्यावर सपशेल मागे टाकले. १८६० मध्ये विम्बल्डनच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ बंदुकीनेच केले. बंदूक लोखंडी बैठकीवर रोखून ठेवली होती, राणीने फक्त दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्याच्या अगदी जवळ लागली.

तरीही ब्रिटिश लष्कराने ती नाकारली. ती महाग होती आणि अरुंद नळी दारूच्या काजळीने लवकर भरत होती. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी मात्र तिचा प्राणघातक वापर केला. तोफांतही हेच झाले. प्रतिस्पर्धी विल्यम आर्मस्ट्राँग यांनी आपले हक्क सरकारला देऊन टाकले, सर ही पदवी मिळवली आणि सरकारी काम मिळवले. व्हिटवर्थ वर्षानुवर्षे समित्यांशी भांडत राहिले. आपली तोफ अधिक अचूक आहे, हा त्यांचा दावा बऱ्याच अंशी खरा होता. पण आट्यांच्या वेळी दाखवलेली देवाणघेवाणीची तयारी इथे नव्हती. स्वभावाने ते तुसडे होते, असे समकालीनांचे मत होते आणि समित्यांवर बसलेल्या लोकांशी ते त्याच स्वभावाने वागले. सगळ्यांच्या सोयीची सरासरी काढणारा माणूस बंदुकीच्या बाबतीत मात्र सर्वोत्तमाखाली उतरायला तयार नव्हता.

पैसा भरपूर मिळाला. १८६८ मध्ये त्यांनी यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांसाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या. या व्हिटवर्थ शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात. हात आणि पुस्तक दोन्ही जाणणारा तरुण घडावा, हा हेतू. १८६९ मध्ये बॅरोनेट ही पदवी आली. पहिल्या पत्नीपासून ते बरीच वर्षे वेगळे राहत होते. १८७० मध्ये ती वारली आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. मूल झाले नाही. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरचे व्हिटवर्थ कलादालन आणि कर्करोग रुग्णालयाला आधार मिळाला. दहा वर्षांनी त्यांची कंपनी विलीन झाली ती नेमकी आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीत. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले, त्याच्या नावामागे जोडले जाणे नशिबी आले.

त्यांचे आटे मागे का पडले?

अमेरिकेने सुरुवातीलाच वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे, सपाट माथ्याचे आटे सुचवले. व्हिटवर्थ यांचा गोल माथा कापायला अधिक हत्यारे आणि कसबी हात लागत. सेलर्स यांचा आटा साधा कामगारही पाडू शके. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची यंत्रसामग्री एकत्र आली, पण ब्रिटिश नट अमेरिकी बोल्टवर बसेना. म्हणजे १८४० चा गोंधळ पुन्हा, या वेळी खंडांच्या पातळीवर. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने समान आटे ठरवले, ते ६० अंशांचे. मेट्रिक आट्यांचा कोनही ६०. व्हिटवर्थ यांचे ५५ अंश मागे पडले.

यातली सर्वांत गमतीची कथा मॉरिस गाड्यांची. त्यांच्या जुन्या इंजिनांचे मूळ फ्रेंच असल्याने आटे होते मिलिमीटरचे, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची. कारण इंग्लंडच्या गॅरेजांत पाने तेच होते.

भारतात ब्रिटिश यंत्रांबरोबर हे आटे आले. औरंगाबादला निजामाची रेल्वे पोहोचली १९०० च्या सुमारास. रुळांतले अंतर मीटरचे आणि यंत्रांचे व्यवहार इंचांचे. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक मापांकडे वळला, तरी बांधकामावरचा मिस्त्री १० मिलिमीटरच्या सळईला अजून तीन सूत म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नळाच्या पाइपांचे आटे तर आजही ५५ अंशांचेच आहेत; अर्ध्या इंची पाइपला इंचात १४. प्लंबर ज्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो, ते हे. मोबाइल ज्यावर लावून रील काढतात त्या ट्रायपॉडच्या पाव इंची, २० आट्यांच्या स्क्रूचे मूळही तेच कोष्टक.

आणि जीपचा बोल्ट?

आधी ओळख पटवायची. शेजारचा एखादा बोल्ट निघाला असेल तर त्याच्यावर आटे मोजायची दातेरी पट्टी लावून पाहा. ती शे-दोनशे रुपयांत मिळते आणि इंची की मेट्रिक, हे लगेच सांगते. मग त्याच मापाचा सहा कोनी गोटी पाना घ्या. बारा कोनी नको, तो कोपऱ्यांवरच जोर देतो. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबा. डोक्यावर हातोडीने सरळ, मोजके ठोके द्या; गंजाचा थर तडकतो. पहिला जोर सोडवायच्या नव्हे, तर आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. हलला की पाव फेरा उलटा, पुन्हा थोडा सुलटा, पुन्हा तेल. उष्णता द्यायचीच झाली तर बोल्टला नव्हे, भोवतालच्या धातूला. आणि तेल पुसून, इंधनाची नळी व बॅटरी दूर केल्यावरच. पान्याला लांब पाइप जोडण्याचा मोह टाळा, डोके तुटून हातात येते. तसे झालेच तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून तो फिरवणारे कारागीर शहरात आहेत. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

बोल्ट निघाल्यावर भोकात योग्य मापाचा टॅप हाताने फिरवून आटे साफ करायचे. चिरडलेला मेट्रिक बोल्ट निघाला असेल तर तो पुन्हा लावू नका. मूळ इंची आटे शाबूत असतील तर त्याच मापाचा नवा घ्या. दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात न्या आणि काउंटरवरच नवा नट त्याच्यावर बोटांनी फिरवून पाहा. पाच फेरे पान्याशिवाय गेला पाहिजे.